तिसऱ्या मजल्याचा काटा

"इस्त्री किती वॉटची आहे?"

डोंबिवलीत भाड्याने घर शोधत फिरत होते तेव्हा ज्या मालकांनी मला शेवटी घर दिलं, त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न. त्याआधी पाहिलेल्या प्रत्येक घरात पहिला प्रश्न आडनावाचा होता. आडनाव सांगितलं की दुसरा लग्नाचा. लग्न झालेलं नाही म्हटलं की ते घर नेमकं कालच दुसऱ्या कुणाला तरी दिलेलं असायचं. मी तेव्हा दिव्याला चार मुलींबरोबर एका खोलीत राहत होते. पाणी आलं तर आलं. नोकरी मानपाड्याच्या एमआयडीसीत, एका पॅकेजिंग कंपनीच्या क्वालिटी विभागात.

"माहीत नाही किती वॉटची," मी म्हटलं.

"गिझर?"

"नाहीये."

"इंडक्शन?"

"आहे. छोटं."

"छोटं म्हणजे किती? मागे पट्टी असते, तिच्यावर लिहिलेलं असतं. अर्थात तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. वस्तू घेऊन या, मी मोजतो. मग घर द्यायचं का नाही ते सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी दिव्याहून इस्त्री आणि इंडक्शन पिशवीत घालून आणलं. त्यांनी दोन्ही मोजलं आणि दुसऱ्या मजल्याची किल्ली हातात दिली. आडनाव त्यांनी विचारलं ते थेट दोन महिन्यांनी, माझं पार्सल घेऊन आलेल्या माणसाला सांगायचं होतं म्हणून.

सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. चौकड्यांची लुंगी, वर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेनाच्या जागी टेस्टर आणि कानावर खडूचा तुकडा. अंबरनाथच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात सुपरवायझर म्हणून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. चालताना, बोलताना, अगदी लग्नाच्या पंगतीत जेवतानाही डावा हात पाठीमागे. एकदा मी कारण विचारलं.

"एकाच हाताने शॉक बसला तर बोट भाजतं. दोन्ही हात लागले तर करंट छातीतून जातो," ते म्हणाले.

"पण काका, जेवताना?"

"हाताला काय कळतं, आपण जेवतोय का बोर्ड उघडतोय? त्याला एकच सवय लावायची."

कुणी काहीही विधान केलं की त्यांचा ठरलेला प्रतिप्रश्न असे: "मोजलंत का?" आज फार उकडतंय म्हटलं तरी "मोजलंत का?" आणि डोकं दुखतंय म्हटलं तरी तेच. कोपऱ्यावरचा भाजीवाला त्यांना लांबून बघितलं की आधी तराजू पुसून ठेवायचा.

इमारत त्यांच्याच मालकीची, तळमजला अधिक तीन. तळमजल्यावर ते, पहिल्या मजल्यावर नोकरी करणारं एक जोडपं, दुसऱ्यावर मी आणि तिसऱ्यावर सावंत काकू. मालकांच्या पुढच्या खोलीत, जिथे लोक टीव्ही लावतात त्या भिंतीवर, काचेची पाच गोल मीटर होती. मधलं व्होल्टेज दाखवायचं. बाकीची चार अँपिअरची, प्रत्येक मजल्याला एक. समोर वेताची खुर्ची. त्या खुर्चीत बसून ते काटे बघत. मीटर का लावली, याची मी त्यांच्या तोंडून तीन वेगवेगळी उत्तरं ऐकली आहेत. मला त्यांनी सांगितलं, वायरिंग जुनं आहे म्हणून. पहिल्या मजल्यावरच्यांना सांगितलं, सवय आहे म्हणून. आणि एका लाइनमनला तोंडावर सांगितलं, "तुमच्यावर विश्वास नाही म्हणून."

पहिल्याच आठवड्यात माझी शिकवणी झाली. माझी इस्त्री त्यांनी स्वतःच्या सॉकेटला लावली आणि मला भिंतीसमोर उभं केलं.

"व्होल्ट वाचा."

"दोनशे दहा."

"आणि करंट?"

"चार."

"गुणा. आठशे चाळीस. हे वॉट. म्हणजे तुमच्या पट्टीवर हजार लिहिलंय, पण आत्ता मिळतायत आठशे चाळीस. आता व्होल्टला अँपिअरने भागा."

त्यांनी कानावरचा खडू काढून शहाबादी फरशीवर भागाकार मांडला. साडेबावन्न.

"हे ओहम. हा त्या तारेचा अडथळा. इथे व्होल्टेज दिवसातून दहा वेळा खालीवर होतं. त्याच्याबरोबर करंट बदलतो, वॉट बदलतात. पण भागाकार सकाळी करा, संध्याकाळी करा, उत्तर जवळजवळ तेच येणार. तो त्या वस्तूचा स्वभाव. मला वस्तू दिसली नाही तरी चालते. ओहम काढला की ओळखतो."

खरंच ओळखायचे. इमारतीतली प्रत्येक इस्त्री, प्रत्येक गिझर, प्रत्येक शेगडी त्यांना आकड्याने माहीत होती. सकाळी जिना उतरताना आतून आवाज यायचा, "आज साडेबावन्न लवकर लागली. सकाळची शिफ्ट का?" सुरुवातीला गंमत वाटली. नंतर इस्त्रीचं बटण दाबताना मी खालच्या भिंतीवरचा काटा डोळ्यांसमोर बघू लागले.

माझे वडील गेले तेव्हा मी गावाहून परतले आणि तीन-चार दिवस चूल पेटवली नाही. बिस्किटं आणि कंपनीतला चहा यावर होते. एका संध्याकाळी दार वाजलं. मालक डबा घेऊन उभे होते, डावा हात मागे.

"इंडक्शन लागलं नाही," ते म्हणाले. "का, ते विचारत नाही. पिठलं आहे. भाकरी जरा जाड झालीय."

ते लगेच खाली गेले. मी बसून सगळं पिठलं खाल्लं आणि खाता खाता रडले. वडील गेल्यानंतर तशी पहिल्यांदाच रडले असेन. पण जेवण झाल्यावर दिवा लावायला उठले आणि बटणावर हात थबकला. हे दिवा लावणंसुद्धा आता कुणीतरी बघणार. मायेने बघणार, पण बघणार. अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिले.

सावंत काकूंच्या मनात असली घालमेल नव्हती. त्यांना तो माणूस सरळ नको होता. काकू टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, निवृत्त. नवरा वारलेला, मुलगा नितीन ठाण्याला बाळकुमच्या एका टॉवरमध्ये राहणारा. काकूंचा आवाज असा, की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून त्या भाजीवाल्याशी भाव करायच्या आणि ते पलीकडच्या गल्लीतही ऐकू जायचं. वीज गेली की त्या तडक गॅलरीत येऊन ओरडायच्या, "मालक! काय केलंत परत?" मग ती सगळ्या डोंबिवलीची का गेलेली असेना.

एका सकाळी जिन्यात सगळ्यांचीच गाठ पडली. पहिल्या मजल्यावरचे नवरा-बायको ऑफिसला निघालेले, मी डबा घेऊन उतरत होते, काकू दूध घेऊन वर येत होत्या. मालक दारातूनच म्हणाले, "काकू, आज गिझर दोनदा लागला. परत आंघोळ केलीत? बरं नाही का?"

त्यांच्या आवाजात काळजीच होती, हे मी शपथेवर सांगेन. पण काकूंनी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली.

"माझ्या आंघोळी मोजता तुम्ही?"

"आंघोळी नाही हो. करंट."

"एकच आहे ते! मी न्हाणीघरात कधी जाते, कधी बाहेर येते, ते तुम्ही खुर्चीत बसून बघता. शरम नाही वाटत?"

मालकांचा चेहरा पांढरा पडला. पहिल्या मजल्यावरची बायको नवऱ्याला ओढत बाहेर घेऊन गेली.

रविवारी नितीन आला. सभ्य मुलगा, आवाज चढवला नाही. मालकांच्या दारात उभा राहून म्हणाला, "काका, आई एकटी असते. तिला हे चालत नाही. परत झालं तर मला पोलिसांत जावं लागेल. मला ते करायचं नाहीये."

"मी लोड बघतो," मालक म्हणाले. "वायरिंग जुनं आहे. कुणाच्या घरात नाही बघत मी."

"तिला तसं वाटतं ना पण."

मालकांनी मागे वळून काट्यांच्या भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काटे निघणार नाहीत. पण आजपासून मी तिसऱ्या मजल्यावर पाय ठेवणार नाही. तुमच्या आईंशी एक शब्द बोलणार नाही. झालं?"

त्यांनी ते पाळलं. गच्चीवरच्या टाकीकडे जायचं तर तिसरा मजला ओलांडावा लागतो, म्हणून तेही सोडलं. टाकी आम्ही भाडेकरू बघू लागलो. काकूंनी मात्र युद्ध चालू ठेवलं. गिझर, मिक्सर, इस्त्री सगळं एकदम लावायच्या आणि गॅलरीत येऊन मोठ्याने कुणाला तरी सांगायच्या, "बघू दे, बघू दे, काय बघायचंय ते!" मी खाली भाडं द्यायला गेलेली असले तर तो काटा झपकन चढताना दिसायचा. मालकांची बोटं खुर्चीच्या हातांवर घट्ट व्हायची. ते तोंड उघडायचे आणि मिटायचे. त्या घरात तेव्हा वर्षभर असं वातावरण होतं, की जिन्यात भांडं पडलं तरी सगळे आपापल्या दारात येऊन उभे राहायचे.

मग तो शुक्रवार.

आमच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारी. मी सकाळीच कल्याणला मावशीकडे गेले होते, दुपारी परतले. पहिल्या मजल्यावरचे गावाला गेलेले. मालक जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले होते, अनवाणी. मला बघून उठले आणि मी काही विचारायच्या आत म्हणाले, "जरा आत या."

तिसऱ्या मजल्याच्या मीटरचा काटा आठावर उभा होता.

"गिझर आहे," ते म्हणाले. "सकाळी सव्वादोनशे व्होल्ट होते, करंट साडेआठ. आत्ता दोनशे बारा, करंट आठ. दोन्ही वेळा भागाकार साडेसव्वीस. तिच्याकडे साडेसव्वीसची दुसरी वस्तू नाही. सकाळपासून गिझर चालू आहे."

"विसरल्या असतील."

"विसरली तर काय होतं? पाणी तापतं आणि गिझर आपोआप बंद पडतो. वीस मिनिटांत. पुन्हा जरा लागतो, पुन्हा बंद. हा बंदच पडत नाहीये. म्हणजे एक तर आतली यंत्रणा बिघडली, पाणी उकळतंय आणि गिझर फुटेल. नाहीतर..." ते थांबले. "नाहीतर नळ चालू आहे. तापलेलं पाणी वाहून जातंय, नवीन गार पाणी आत येतंय. सकाळपासून."

खाली शहाबादीवर खडूने भागाकार मांडलेले होते. एकाखाली एक, तोच भागाकार, तेच उत्तर. खोलीभर. मी पाय कुठे ठेवायचा ते बघत उभी राहिले.

"काकू बाहेर गेल्या असतील."

"मी पायरीवरच बसलोय. कुणी गेलं नाही."

मी काकूंना फोन लावला. वाजत राहिला, आणि वरच्या मजल्यावर त्याची रिंग वाजतेय ती आम्हाला जिन्यातून ऐकू येत होती. नितीनला लावला. उचलला नाही.

"एक करता येईल," मालक म्हणाले. मीटरच्या डबीशी गेले, डावा हात मागे घेतला आणि उजव्या हाताने तिसऱ्या मजल्याचा फ्यूज ओढून काढला. काटा शून्यावर पडला.

"आता वीज गेली. बरी असेल तर ओरडेल."

आम्ही दोघं बाहेर रस्त्यावर गेलो आणि मान वर करून गॅलरीकडे बघत उभे राहिलो. दोरीवर काकूंची एक साडी वाळत होती. हवेत एमआयडीसीचा तो नेहमीचा आंबूस वास होता. एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. वर्षभर ज्या आवाजाने माझं डोकं उठायचं, तो आवाज यावा म्हणून मी मनातल्या मनात विनवण्या करत होते. ओरडा काकू. शिव्या द्या. काहीही म्हणा.

गॅलरीत कुणी आलं नाही.

"तुम्ही जा वर," मालक म्हणाले. "मी जाऊ शकत नाही."

मी धावत वर गेले. दार ठोठावलं, हाका मारल्या. दाराला कान लावला तर आतून पाणी पडल्याचा आवाज येत होता. बारीक, सलग. मी दाराला खांदा दिला. दार हललंसुद्धा नाही.

"काका!" मी जिन्यातून ओरडले. "पाणी चालू आहे आत! दार आतून लावलंय!"

ते आले, हातात पहार. पण तिसऱ्या मजल्याच्या एक पायरी खाली येऊन थांबले. खरंच थांबले. पायरीवर उभे राहून दाराकडे बघत होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काका, या ना! मला नाही जमत!"

"मी शब्द दिलाय."

"त्या मरतील तिथे!"

त्यांनी पाय उचलला. मला ते अजून दिसतं, तो अनवाणी पाय वरच्या लादीवर टेकला, आणि मग ते थांबले नाहीत. पहार दाराच्या फटीत घातली आणि दोन्ही हातांनी रेटली. दोन्ही हातांनी काही करताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. कडी उखडली.

न्हाणीघराचं दारही आतून लावलेलं. खालून पाणी बाहेर झिरपत होतं.

"काकू?"

काही वेळ नुसतं पाणी. मग आतून आवाज आला. इतका बारीक, की तो काकूंचा असेल असं वाटलंच नाही.

"कोण गं?"

"मी आहे काकू. दुसऱ्या मजल्यावरची. पडलात का?"

"कंबर... हलता येत नाही." मग थोड्या वेळाने, "तो आहे का बाहेर?"

मी मालकांकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

"आहेत."

"त्याला म्हणावं, तोंड फिरव."

"फिरवतो," मालक म्हणाले. वर्षभरानंतर काकूंशी बोललेला हा पहिला शब्द. "आधी बिजागऱ्यांचे स्क्रू काढतो. दार ढकललं तर तुम्हाला लागेल. स्क्रू बाहेरूनच आहेत. दार उचलायच्या आधी मी भिंतीकडे बघतो. चालेल?"

त्यांनी टेस्टरनेच स्क्रू काढायला सुरुवात केली. टेस्टर दोनदा घसरला. मी पलंगावरची चादर ओढून आणली. शेवटचा स्क्रू निघाला तसे ते वळले आणि कपाळ भिंतीला टेकवून उभे राहिले. मी दार उचलून बाजूला केलं.

काकू फरशीवर कुशीवर पडल्या होत्या. एक पाय नको तसा वळलेला, ओठ निळसर. मी त्यांना चादरीत गुंडाळलं, नळ बंद केला. त्यांनी माझं मनगट धरलं ते सोडेचनात.

अँब्युलन्स येईपर्यंत मालक तसेच भिंतीकडे तोंड करून उभे होते. तसंच उभं राहून त्यांनी मला सांगितलं की पाय सरळ करायला जाऊ नका, डोक्याखाली उशी नको, कोरडे टॉवेल शोधा. लिफ्ट नव्हती. काकूंना चादरीसकट उचलून खाली न्यायचं ठरलं तेव्हा एक टोक मालकांनी धरलं. वळणावर धक्का बसला तेव्हा काकू कण्हल्या आणि म्हणाल्या, "हळू रे मेल्या." मालक "हो, हो," म्हणाले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, काकू वाचल्या. नितीन त्यांना बाळकुमला घेऊन गेला. तो आमच्याकडे येऊन मालकांच्या पाया पडला. गल्लीत तर बोलायलाच नको. ज्या लोकांनी वर्षभर मालकांना चक्रम म्हटलं, तेच आता मुलांना घेऊन काटे दाखवायला येऊ लागले. भाजीवाला म्हणाला, "काका, तुम्ही तर जीव वाचवलात."

"गप बस!" मालक त्याच्यावर ओरडले. "मोजलंस का तू काही?"

ते बिघडतच गेले. वेताची खुर्ची त्यांनी फिरवून ठेवली, पाठ काट्यांकडे. दाढी वाढू लागली. इस्त्री पहाटे लावली काय आणि दुपारी लावली काय, खालून प्रश्न येईना. मला वाटलं, धसका घेतलाय. एक दिवस ते माझ्या दारात आले.

"बाळकुमला याल का माझ्याबरोबर? एकट्याने गेलो तर त्यांना आवडणार नाही."

काकूंची खोली एकोणिसाव्या मजल्यावर, खिडकीतून खाडी दिसत होती. काकू पलंगावर टेकून बसल्या होत्या, शेजारी वॉकर. बारीक झाल्या होत्या, पण आवाज परत आला होता. सुनेने चहा आणला. नितीन कौतुकाने काही बोलायला लागला, तर मालकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"मला सांगायचंय," ते काकूंना म्हणाले. खुर्चीच्या अगदी कडेवर बसले होते. "सगळे म्हणतात मी वाचवलं. ते खोटं आहे. तुमचा गिझर बंद पडत नाहीये, हे मला सकाळीच कळलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात उत्तर आलं होतं माझं. नळ चालू आहे आणि तुम्ही पडलात, हे मला तेव्हाच माहीत होतं."

नितीनने हातातला कप खाली ठेवला.

"मग मी तेच गणित परत केलं. परत केलं. म्हटलं, मीटर चुकत असेल. म्हटलं, ही दुसऱ्या मजल्यावरची दुपारी येईल, तिला पाठवू. गल्लीत माणसं होती, कुणालाही हाक मारता आली असती. नाही मारली. दुपारपर्यंत मी जमिनीवर भागाकार करत बसलो आणि तुम्ही वर पडून होतात."

"का?" काकूंनी विचारलं.

"भीती वाटली."

"कशाची?"

"तुमची. दार उघडून तुम्ही समोर उभ्या राहिलात तर, याची."

नितीनने खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं, आता काकू ओरडणार. त्यांना हक्क होता. त्या चादरीच्या काठाशी चाळा करत राहिल्या.

"मीही आधी हाका मारल्या," त्या म्हणाल्या. "घसा बसेपर्यंत. पण न्हाणीघराचं दार बंद, वर पाण्याचा आवाज, कुणाला ऐकू गेलं नाही. पडले तेव्हा नळ वाहतच होता. हात पोचत होता माझा. पहिल्यांदा बंदच करणार होते, पाणी फुकट जातंय म्हणून."

त्या थांबल्या.

"मग आठवलं. मी राहायला आल्या दिवसापासून तुम्ही डोकं खाल्लं होतंत ना माझं, नळ बंद केला की गिझर वीस मिनिटांत आपोआप बंद पडतो, काकू, घाबरू नका. म्हटलं, बंद पडला तर याला कसं कळणार? म्हणून ठेवला चालू. मोठा सोडला तर टाकी संपेल, म्हणून जरा कमी केला. तुम्ही बघत असणार, हे मला पक्कं माहीत होतं. वर्षभर त्यावरूनच तर भांडत होते."

मालक हातातली कपबशी ठेवायला जागा शोधू लागले. सुनेने ती हळूच काढून घेतली.

"कोमट पाणी होतं, तोवर मी तुम्हाला शिव्या घालत होते," काकू म्हणाल्या. "बघतोय मेला आणि येत नाही. आणि मग एकदम पाणी गार झालं. तेव्हा कळलं, फ्यूज काढलात. म्हणजे आता कुणीतरी येणार."

मालकांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते, आवाज नव्हता. काकूंनी वॉकर ओढला. "आई, थांब," नितीन म्हणाला, पण त्या उठल्या, एकेक पाऊल टाकत खुर्चीपर्यंत आल्या आणि त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, धापा टाकत.

"पुरे आता," त्या म्हणाल्या. "मला धरा. मला एवढं उभं राहायची परवानगी नाहीये."